रोमहून करिंथला गेलेले पत्र

आरंभीच्या ख्रिस्ती पत्रांत मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचे, ऐक्य बिशपच्या अधिकारावर उभे होते आणि नीतिबोध ही केवळ पुस्ती होती, असे एक मत येथील चर्चेत मांडले गेले आहे. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याच्या पत्रांपुरते ते मी बऱ्याच अंशी मान्य करीन. परंतु इ.स. ९६च्या सुमारास रोमच्या मंडळीने ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला लिहिलेले, परंपरेने रोमचा आरंभीचा बिशप क्लेमेंट याच्या नावाने ओळखले जाणारे पत्र या चर्चेत अजून आलेले नाही, आणि ते वेगळी दिशा दाखवते. करिंथमध्ये काही जणांनी निर्दोष वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, पदावरून दूर केले होते. बंड करणाऱ्यांनी वडिलांच्या अधीन व्हावे असे पत्र शेवटी स्पष्टपणे सांगते. पण त्याआधी बायबलमधील भावाचा खून करणाऱ्या काइनापासून पेत्र आणि पौल या प्रेषितांच्या छळापर्यंत हेव्याने काय काय घडवले याची दीर्घ उजळणी येते, आणि फूट हा प्रथम अंतःकरणाचा दोष ठरतो.

५४व्या अध्यायातील आवाहन मला फार थोर वाटते: तुमच्यात जो उदार आणि प्रेमळ असेल त्याने, आपल्यामुळे कलह होत असल्यास, आपण होऊन निघून जाण्याची तयारी दाखवावी, म्हणजे ख्रिस्ताच्या कळपाला शांती लाभेल. लगेच पुढच्या अध्यायात, रोगराईच्या काळी प्रजेसाठी प्राण देणाऱ्या परधर्मीय राजांचे दाखलेही दिले आहेत, हे विशेष लक्षात घ्यावे. इ.स. १७०च्या सुमारास करिंथचा बिशप दियोनिसियस रोमला कळवतो की हे पत्र करिंथमध्ये उपासनेत अजूनही वाचले जाते.