मदत हवी आहे : कपाटामागे काळी बुरशी

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचं तळमजल्याचं घर आहे. परवा लाकडी कपाट सरकवलं, तर मागची भिंत हातभर काळी आणि कुबट वास! आईला दमा, म्हणून तिचं अंथरूण तूर्त दुसऱ्या खोलीत हलवलंय. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. पाइप गळतोय की पावसाची ओल चढतेय, हे भिंत न फोडता कसं ओळखायचं?

मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसणार आहे. कोरडं घासलं तर बुरशीचे कण घरभर उडतात. शेजारच्या काकू म्हणतात, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळ. नको गं बाई, त्यातून क्लोरीन वायू सुटतो!

रंगारी वरून वॉटरप्रूफ रंग मारायला निघालाय. आत ओल असताना तो टिकेल का? की प्लास्टर खरवडावंच लागेल? कोणी केलंय का?