प्रतिसाद: भाड्यावर घर चालेल, नौकेचं काय?

मडगावचा फ्लॅट भाड्याने देऊन त्या पैशांत शिडाच्या नौकेवर वर्षानुवर्षं फिरता येईल, हा वरचा मुद्दा मला निम्माच पटतो. भाड्यात जेवणखाण, डिझेल, नौका बंदरात नांगरून ठेवायची फी भागते. पण नौकेचे मोठे खर्च महिन्याच्या हिशेबात येत नाहीत, एकदम अंगावर येतात. नौका बाहेर काढून बुडाला शेवाळरोधक रंग देणं आपल्यासारख्या उबदार पाण्यात लवकर लवकर करावं लागतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा साधारण 10 वर्षांनी बदला, असा आग्रह बरेच विमेवाले धरतात. जुना अंदाज असा की नौकेच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवावेत. भाड्यातून आधी तेवढे वेगळे काढाच.

दुसरं, हातात कसब हवं. मी पावसाळ्यात पणजीसमोरच्या बेतीला नौकांच्या फायबरग्लासची आणि डिझेल इंजिनची कामं करतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर ओढून ठेवलेले, त्यामुळे काम भरपूर मिळतं आणि तेवढ्या कमाईत पुढच्या हंगामाची सोय होते. शीड शिवता येणाऱ्याला तर जगात बऱ्याच बंदरांत मागणी असते. फक्त परदेशात पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन काम करू नका, तिथले नियम आधी बघा.