प्रतिसाद: बुद्धिबळाचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) आठशेवर अडकलंय

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री तीन मिनिटांचे डाव खेळता, सुरुवातीच्या चालींचे व्हिडिओही पाहता, तरी रेटिंग हलत नाही. आधीच्या प्रतिसादांत बहुतेकांनी आणखी ओपनिंग्ज, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करा म्हटलंय. मला ते पटत नाही. या पातळीवर डाव आठव्या चालीच्या तयारीवर जात नाही, फुकट दिलेल्या घोड्यावर किंवा उंटावर जातो.

आधी वेळ वाढवा. डावाला प्रत्येकी 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे 10 सेकंद जास्तीचे. 2025 चा विश्वचषक आपल्याकडे गोव्यात, हडफड्यात झाला, तिथे दिग्गजांनाही पहिल्या 40 चालींसाठी 90 मिनिटं होती! विचार करायची सवय मिनिटभरात लागत नाही. चाल करण्यापूर्वी पाहा: समोरच्याकडे शह कुठला, तो काय मारू शकतो, त्याच्या शेवटच्या चालीचा रोख कुठे आहे?

हरलेला डाव लगेच इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला, दाखवू नका. कुठे बिघडलं ते आधी स्वतः शोधा, मग ताडून बघा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर इंजिनचं विश्लेषण आणि कोडी, दोन्ही मोफत आहेत.

आणि राजा-प्याद्याचे शेवट, म्हणजे पटावर फक्त राजे आणि प्यादी उरल्यावरचा खेळ, शिकाच. पांढरा राजा सहाव्या रांगेत, त्याचं प्यादं बरोबर मागे पाचव्या रांगेत, समोर एकटा काळा राजा: चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. फक्त प्यादं कडेच्या स्तंभात नको.

म्हापसा-पर्वरी भागात असाल तर रविवारी समोरासमोर बसू, पट माझ्याकडे आहे.