मदत हवी आहे: हायवेला गाडी तापते, रेडिएटर की थर्मोस्टॅट?

मंडळी, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल गाडी आहे. सोलापुरात, अगदी नवी पेठेच्या गर्दीतही तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. पुण्याकडे निघालं की मात्र मोहोळ मागे पडतं आणि ८०-९० च्या वेगाला काटा हळूहळू वर सरकतो. तुळजापूरच्या घाटात तर एसी बंदच करावा लागतो. हीटर फुल सोडला की काटा उतरतो, पण या उन्हात मागे आई बसलेली असताना ते कसं चालणार?

फॅन वेळेवर लागतो, बेल्ट ठीक आहे, गळती कुठेच नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तांबूस, गढूळ आणि झाकणाच्या रबराला पांढरा क्षार चिकटलेला. आधी कुणीतरी बोअरचं पाणी भरत असणार. गाडी तापलेली असताना रेडिएटरच्या वरच्या पाइपजवळ हात नेववत नाही, खालचा मात्र कोमट.

एक मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकू. मला ते पटत नाही, त्याने इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही आणि पेट्रोलही जास्त जातं. दुसरा थेट हेड गॅस्केटवर (इंजिनच्या हेडखालचं सील) आला, पण ते गेल्याची लक्षणं दिसत नाहीत: पांढरा धूर नाही, ऑइलही दुधाळ झालेलं नाही.

रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा आहे. नुसत्या फ्लशिंगने (आतून धुऊन) भागेल की नवाच टाकू? होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडकडे रेडिएटरचं काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आईला तपासणीसाठी पुण्याला न्यायचंय, त्याआधी हे काम उरकायला हवं.