बेळगावच्या हवेत पंच फेस पर्शियन : खरोखरच बिनकष्टाचे मांजर?

टिळकवाडीकर : बेळगावची हवा मुळातच थंड असल्याने पर्शियन मांजराचे येथे फारसे काही करावे लागत नाही, आणि चेहरा जितका चपटा तितके मांजर अस्सल, असे माझे मत आहे. माझा पंच फेस, म्हणजे अगदी दबलेल्या तोंडाचा, बोका दिवसभर सोफ्यावर पडून असतो. ओरडणे नाही की पडद्यांवर चढणे नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निःशंकपणे घ्यावे.

शहापूरची भाटी : आपली पोस्ट वाचून गप्प बसवले नाही. चपटे ते अस्सल हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी शोभते, पाळणाऱ्याच्या नव्हे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरले, त्या काळच्या चित्रांतील पर्शियनांना चांगले दिसण्याजोगे नाक आहे. हे दबलेले तोंड विसाव्या शतकात माणसाने निवडून निवडून पैदा केले. नाक आत गेले की डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रुनलिका वाकते आणि पाणी गालावर ओघळत राहते. माझ्या मांजरीचे डोळे मी रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसते, कारण एक दिवस जरी राहिला तरी तपकिरी खपली कातडीला घट्ट धरते आणि ती सोडवताना मांजरीच्या आधी माझेच डोळे भरून येतात. केसांचे तर विचारूच नका. पाठ विंचरून समाधान मानणाऱ्यांनी कानामागे, बगलेत आणि पोटाखाली एकदा बोटे घालून पाहावीत. गुंता तेथे होतो. आणि आपण थंड हवेचे कौतुक करता, त्याच हवेत चार महिने कपडे वाळत नाहीत, मग ओल्या राहिलेल्या दाट केसांचे काय होत असेल? पर्शियनांना गजकर्ण सहज होते आणि ते घरातल्या माणसांनाही लागते.

निपाणीकर : ताई, इतके घाबरवलेत तर लोक मांजर पाळणेच सोडून देतील. मी उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे केस भादरून घेतो, गुंत्याचा प्रश्नच राहत नाही. आमचे घर शुद्ध शाकाहारी आहे. मांजर दोन्ही वेळा दही-भात खाते, सणासुदीला कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, तुकडाही खाते, आणि ठणठणीत आहे.

खानापूरचा अण्णा : केसांचे राहू द्या, त्या दही-भाताचे बोला. मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि भातात तो नसतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७०च्या दशकातच कळले होते. हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली पुढे आले. आमच्या शेजारचे पांढरे पर्शियन असेच दूध-भातावर वाढले. त्याचे पोट वर्षभर बिघडलेले असे, पुढे ते परड्यात जाताना उंबऱ्याला अडखळू लागले, आणि घरचे मात्र म्हणत राहिले की या जातीचे मांजर आळशीच असते.

निपाणीकर : म्हणजे आता आमच्या चुलीपर्यंत पोहोचलात! आमच्या घरात काय शिजावे हे खानापुरातून ठरणार का? माझ्या आजीने आयुष्यभर मांजरांना ताकभातच घातला.

शहापूरची भाटी : आजींच्या मांजरांना ताकभाताच्या जोडीला कणगीमागचे उंदीर मिळत होते. आपले मांजर तिसऱ्या मजल्यावर कोंडलेले आहे, त्याने काय मारावे? मांस शिजवा असे कोणीही म्हटलेले नाही. मांजरांसाठीचे तयार खाद्य मिळते, त्यात टॉरिन घातलेले असते. फक्त कुत्र्याचे खाद्य मांजरापुढे ठेवू नका. तेही घरात नको असेल तर ससा पाळावा, तो बिचारा गवत खाऊन आपल्या सोवळ्यात बसेल.

निपाणीकर : ससा आपणच पाळा. खाद्याची एक पिशवी आणून पाहतो, पण ती बाहेरच्या सोप्यावरच राहील, स्वयंपाकघरात येणार नाही.

खानापूरचा अण्णा : मांजराला सोपा चालतो, काही अडचण नाही.

टिळकवाडीकर : वाद माझ्या पोस्टवर सुरू झाला होता, याची आठवण कोणाला असेल तर उपकार होतील. आपण सर्व विद्वानांच्या आज्ञेनुसार माझा बोका यापुढे अस्सल नाही, केवळ देखणा आहे. डोळे मीही पुसतो, फक्त त्याची जाहिरात करत नाही. स्वभावाबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही. इतके शांत मांजर मी पाहिलेले नाही. निपाणीकरांची मादी वयात आली असेल तर जोडी जमवण्याचा विचार आहे.

शहापूरची भाटी : तो शांत आहे की दम लागतो म्हणून हलत नाही, हे पावले वाजल्यावर तो उठून येतो का, खेळताना तोंड उघडून श्वास घेतो का, यावरून पाहावे. जोडीआधी दोघांच्या मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या. पर्शियनांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आईबापांपैकी एकाकडे तो दोष असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो, आणि मांजर वरून बरीच वर्षे धडधाकट दिसते. त्याची जनुकीय चाचणी होते, सोनोग्राफीतही गाठी दिसतात.

निपाणीकर : येथल्या दवाखान्यात दोन म्हशींच्या मागे आमचा नंबर लागतो, तेथे कसली जनुकीय चाचणी!

खानापूरचा अण्णा : मग कोल्हापूरला नेऊन सोनोग्राफी करा. पिल्ले विकायला तिकडे जाणारच आहात ना?