प्राइस कॅप आहे, मग बिल वाढलं कसं?

लेस्टरकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, '२०२४ च्या ऑक्टोबर-डिसेंबरला ऑफजेमची, म्हणजे ब्रिटनच्या वीज-गॅस नियामकाची, प्राइस कॅप (दरांची कमाल मर्यादा) वर्षाला १,७१७ पौंड होती, त्याहून जास्त बिल आलं तर कंपनी लुटतेय.' वाचून राहवलं नाही. कॅप दरावर असते, बिलावर नाही! १,७१७ हे वर्षाला ११,५०० युनिट गॅस आणि २,७०० युनिट वीज जाळणाऱ्या घराचं गणित होतं. जास्त जाळलंत तर जास्त भरा. २०२२ मध्ये २,५०० पौंडांबद्दल तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रससुद्धा असंच चुकीचं बोलून गेल्या. आमच्या शेजारच्या काकांनी ते खरं मानून हिवाळाभर हीटिंग चालू ठेवलं आणि मार्चमध्ये बिल घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

स्लाउवाली
आणि स्टँडिंग चार्जचं काय, वापर नसला तरी रोज भरावा लागतो तो? ऑक्टोबर २०२४ पासून विजेचे रोज ६०.९९ पेन्स होते, गॅसचे ३१.६६. तेव्हा आम्ही पाच आठवडे साताऱ्याला होतो, बॉयलर बंद, फ्रिज रिकामा. तरी ३२ पौंड गेले. हे कुठल्या जाळण्याचे?

मोकळा बाजार
ताई, ते कॅपचंच फळ आहे. २०२१ मध्ये गॅस भडकला, कॅप मात्र सहा महिन्यांनी बदलायची, म्हणजे महाग घेऊन स्वस्त विकायचं. पंचवीसहून जास्त कंपन्या बुडाल्या, त्यांचा खर्च आपल्या स्टँडिंग चार्जमध्ये आला. जानेवारी २०२३ ला कॅप ४,२७९ पौंडांवर गेली होती. वाचवलं सरकारी तिजोरीने, कॅपने नाही. काढून टाका ती.

लेस्टरकर
बुडाल्या त्या पुढचा गॅस आधी विकत न घेतल्यामुळे. कॅप नव्हती तेव्हा कंपनी न बदलणाऱ्या म्हाताऱ्यांकडून जादा दर उकळत होते, म्हणून तर २०१८ चा कॅपचा कायदा आला.

मोकळा बाजार
थर्मोस्टॅट १८ वर ठेवा आणि स्वेटर घाला. आपली माणसं जानेवारीत घरात टी-शर्टवर फिरतात आणि मग बिलावर रडतात.

स्लाउवाली
तोंड सांभाळून बोला. माझी आई ७९ वर्षांची आहे. २०२४ च्या हिवाळ्यात विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे म्हाताऱ्यांना हीटिंगसाठी मिळणारे सरकारी पैसे, पेन्शन क्रेडिटसारखे गरजूंचे भत्ते घेणाऱ्यांपुरतेच ठेवले, तिचे बंद झाले. बॉयलर भक्क करून पेटल्याचा आवाज आला की उठते आणि स्वतः बंद करते. चहाचा कप पिण्याआधी दोन्ही हातांत धरून बसते. तिची खोली १६ च्या वर जात नाही. गेल्या आठवड्यात कपाट उघडलं तर तिच्या लग्नाच्या शालूवर बुरशीचे काळे ठिपके. पदरापर्यंत. स्वेटर तिने दोन घातलेत, दादा.

हॅरोची सून
आमच्याकडेही उत्तरेची भिंत ओली. कपडे रेडिएटरवर वाळत घालता का? आम्ही ते बंद केलं.

स्लाउवाली
डिसेंबरात बाहेर कुठे वाळवू?

मोकळा बाजार
म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलत नव्हतो मी. शालूचं वाईट वाटलं, ते बोलणं मागे घेतो. कॅपबद्दल मत तेच.

लेस्टरकर
स्टँडिंग चार्जचं ताईंचं बरोबर आहे, कमी वापरणाऱ्यालाच तो जास्त बोचतो, हे मी आधी लिहायला हवं होतं. आणि ताई, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागून हवा खेळली की आमची बुरशी थांबली. शालू मात्र घरी धुऊ नका.