डास-गोचिडांच्या प्रयोगशाळेतील रोजचे काम कसे असते?

प्रश्न :
प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर कीटकजन्य रोगांवर विद्यापीठात पीएच.डी. करण्याचा माझा विचार आहे. तेथील रोजचे काम कसे असते आणि संसर्गाची भीती कितपत खरी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
बराचसा वेळ डासांच्या संगोपनात जातो. एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची गाळणकागदावरील अंडी सुकवून काही महिने ठेवता येतात. ती पाण्यात बुडवली की अळ्या बाहेर पडतात, साधारण आठवडाभरात कोष होतात आणि मादीचा कोष आकाराने मोठा असल्यामुळे नर-मादी तेव्हाच वेगळे करता येतात. अळ्यांचे खाद्य व पाणी वेळेवर पाहावे लागते, त्यामुळे ऐन दिवाळीतही कोणाला तरी यावेच लागते. घरच्यांना याची कल्पना आधीच द्यावी.

प्रतिसाद २ :
मी गोचिडांवर काम करते. गोचिडांच्या चाव्यातून पसरणाऱ्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात सापडला. पुढे गोवा आणि सिंधुदुर्गातही रुग्ण आढळले. पांढरे फडके पालापाचोळ्यावरून ओढत नेले की गोचिडांची पिल्ले त्याला चिकटतात, आणि ती इतकी बारीक असतात की चिमट्याने एकेक उचलताना मान आखडते. तरीही जंगलातले हे काम मला सर्वांत प्रिय आहे.

भीतीबाबत सांगायचे तर, परतल्यावर कपडे आणि अंग, विशेषतः काखा व कानामागची जागा, नीट तपासावी. जिवंत विषाणूचे काम मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या उच्च जैवसुरक्षेच्या ठिकाणीच होते.